काका ग्रुप सोडून गेले

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहतो, शिरोलीला एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. देव मानत नाही, पण त्यावरून घरात कधी कुणाशी भांडलो नाही. आमच्या भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. नोव्हेंबरमध्ये धाकट्या काकांनी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचा, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या अंगावर येतात त्या सोहळ्याचा, व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, ‘इथं विज्ञानानं हात टेकले. आईचं रूप बघून अंगावर काटा आला.’ मी लिहिलं, ‘काका, ही साधी भूमिती आहे. शिकलेल्या माणसानं तरी असलं पसरवू नये.’ पुढं हसणाऱ्या तीन इमोजी. काका ग्रुप सोडून गेले. आई म्हणते, पाया पडून माफी माग. मी खोटं काय बोललो? – एक पुतण्या

उत्तर : माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते.

भूमितीत तू पास. देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळं महाद्वारातून आलेलं मावळतीचं ऊन नीट रेषेत गाभाऱ्यापर्यंत पोचू शकतं. किरणोत्सव परंपरेनं होतो ९ ते ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला. २१-२२ डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवसापासून मागं मोज नाहीतर पुढं मोज, दोन्हीकडं जवळजवळ सहा आठवडेच येतात. म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. पहिल्या दिवशी किरणं देवीच्या पायांपर्यंत, मग वर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. ढग आले किंवा वाटेत एखादी इमारत आडवी आली, की त्या दिवशीचा सोहळा हुकतो, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. मी सारी नोकरी ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हे शिकवण्यात काढली, आणि शुक्रवारी ओटी भरायलाही जाते. (यावर तुला काही म्हणायचं असेल तर वेगळं पत्र लिही.)

आता काकांचा मेसेज परत वाच. त्यात दोन वाक्यं आहेत. ‘विज्ञानानं हात टेकले’ हे विधान आहे. ते तपासता येतं, चूक आहे म्हणून सांगता येतं, आणि सांगावंच. ‘अंगावर काटा आला’ यात तू काय तपासणार? काटा त्यांच्या अंगावर आला. तू दोन्हींवर एकदमच नांगर फिरवलास, आणि वर तिसरंच एक वाक्य जोडलंस, ज्याचा किरणांशी काही संबंध नाही. ‘शिकलेल्या माणसानं तरी.’ कारखान्यात कास्टिंग रिजेक्ट करताना तू चिठ्ठीवर ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेलं हवेचं भोक, असं लिहितोस, की मोल्डरची अक्कल काढतोस?

त्यात ग्रुप भावकीचा. तिथं नवे जावई असतात, शाळेतली पोरं असतात. चारचौघांत पुतण्यानं हसं केलं, की माणसाला भूमिती पटली तरी पटली म्हणता येत नाही. तेच काकांना फोन करून सांगितलं असतंस तर कदाचित ऐकलं असतं. ग्रुपवरच लिहायचं होतं, तर असं लिहायचंस :

‘काका, व्हिडिओ भारी आलाय. विज्ञानानं हात टेकले, हे मात्र मला पटत नाही. सूर्य फेब्रुवारीच्या तोंडाला परत त्याच जागी मावळतो, म्हणूनच तेव्हाही किरणोत्सव असतो. तुम्ही कुठं उभे होता? एवढं जवळून कसं मिळालं?’

यात तू तुझ्या म्हणण्यातलं काहीही सोडलेलं नाहीस. शेवटचे प्रश्न लोणी लावायला घातलेले नाहीत. गर्दीत तासभर उभा राहिलेल्या माणसाकडं सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

पण प्रत्येक वादात इतकं जपून बोलावं, असं मी म्हणणार नाही. आपल्याच गावात शाहू महाराजांना वेदोक्त मंत्र नाकारले गेले, तेव्हा त्यांनी ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून सोडून दिलं नाही. ते मंत्र म्हणायला नकार देणाऱ्या राजोपाध्यांचं, म्हणजे दरबारच्या पुरोहितांचं, वतन काढून घेतलं. कारण तिथं कुणाच्या अंगावर काटा आला, हा प्रश्नच नव्हता, दुसऱ्याचा हक्क अडवला जात होता. उद्या हेच काका ग्रुपवर म्हणाले की बायकांनी गाभाऱ्यात पाऊल टाकू नये, तर खुशाल भांड. १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा आहे, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो राबवायला सरकारला सांगितलं, हे सगळं तिथंच लिही. इमोजी तेवढ्या तेव्हाही नकोत.

माफीचं म्हणशील, तर भूमितीबद्दल मागू नकोस. ‘शिकलेल्या माणसानं’ या वाक्याबद्दल माग, आणि ती ग्रुपवरच, कारण बोललास तिथंच. त्याआधी एक रविवार गाठून काकांच्या घरी जा. त्यांनी तुझं म्हणणं मान्य करावं असा हट्ट धरून जाऊ नकोस, मटण होईपर्यंत तो विषयच काढू नकोस. अ‍ॅडमिन कोण आहे त्याला सांगून काकांना परत ग्रुपवर घ्यायला लाव. ते पुढचा व्हिडिओ टाकतीलच, फेब्रुवारी लांब नाही.

प्रश्न : जाऊबाई रोज देवाचा फोटो पाठवतात आणि खाली ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर वाईट बातमी येईल.’ पाठवायचं नसतं, पण मनात पाल चुकचुकते. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हीच धमकी पूर्वी संतोषी मातेच्या नावानं पोस्टकार्डावर यायची. तेव्हा निदान पंधरा पैसे खर्च व्हायचे, म्हणून लोक दोनदा विचार करायचे. पाठवू नका. जाऊबाईंना सांगा, ‘फोटो सुरेख असतो हो, खालची ओळ तेवढी काढून पाठवत जा, माझा जीव घाबरा होतो.’ त्यांनाही कुणीतरी तस्संच पाठवलेलं असणार.