पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातलं क्लोरीनयुक्त विषारी रसायन) आणि तेलाने दूषित झालेली कारखान्याची माती जागेवरच जाळून साफ होते का?

होते, पण आधी मातीतले धातू तपासा. पीसीबी जळतो, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक जळत नाहीत. काही वायूबरोबर उडतात, उरलेले राखेत राहतात. पाऱ्याचं प्रमाण लक्षणीय असेल तर हा मार्ग सोडलेलाच बरा.

जागेवर बहुधा फिरती भट्टी (रोटरी किल्न) उभारतात. तिच्यात माती साधारण 650 ते 980 अंश सेल्सिअसला अर्धा-पाऊण तास फिरते. तिथे पीसीबीची वाफ होते. तो पुरता नष्ट होतो पुढच्या आफ्टरबर्नरमध्ये (भट्टीतला वायू पुन्हा जाळणाऱ्या कक्षात), 1100-1200 अंशांना. तिथे वायू किमान 2 सेकंद राहायला हवा. पीसीबीसाठी मागितली जाणारी विनाश-कार्यक्षमता, म्हणजे आत गेलेल्यापैकी नष्ट व्हायला हवा तो भाग, 99.9999 टक्के असते. ती ट्रायल बर्नमध्ये (चाचणी म्हणून केलेल्या जाळणीत) सिद्ध केल्याशिवाय रोजचं काम सुरू करायचं नसतं.

खरी डोकेदुखी फीडची, म्हणजे भट्टीत घालायच्या मातीची. माती 50 मिमी चाळणीतून काढा, लोखंड चुंबकाने वेगळं करा आणि ओल 20 टक्क्यांच्या खाली आणा. टनाला 200 किलो पाणी असेल, तर नुसती त्याची वाफ करायलाच सुमारे 14 लिटर डिझेलची उष्णता लागते. तीच वाफ पुढे 1100 अंशांवर न्यायची म्हणजे जवळपास दुप्पट. म्हणून ढिगावर ताडपत्री किंवा शेड हवीच. चिकणमातीचे गोळे बाहेरून भाजतात, आत कच्चे राहतात. सोडियमचे क्षार जास्त असले तर माती वितळून भट्टीच्या भिंतीला चिकटते. एखादा तेलकट ढेकूळ एकदम आत गेला की ऑक्सिजन कमी पडतो, कार्बन मोनॉक्साइड उसळतो, दाब वाढून सीलमधून धूर बाहेर येतो. आयडी फॅनने (वायू ओढून घेणाऱ्या पंख्याने) भट्टी कायम ऋण दाबाखाली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबावर ठेवा. तापमान घसरलं किंवा कार्बन मोनॉक्साइड वाढला तर इंटरलॉकने (आपोआप चालणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेने) फीड बंद व्हावं, बर्नर नव्हे.

आफ्टरबर्नरनंतर वायू पाण्याच्या फवाऱ्याने झटकन 200 अंशांच्या खाली आणा. 200 ते 400 अंशांत तो रेंगाळला तर धुळीवर डायॉक्सिन (क्लोरीनची अतिविषारी संयुगं) पुन्हा तयार होतात. पण बॅगहाउसमध्ये (धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांच्या कक्षात) वायू दवबिंदूखाली, म्हणजे वाफेचं पाणी होण्याइतका थंड, गेला तर पिशव्या चिखलाने बुजतात. पीसीबीतल्या क्लोरीनपासून बनलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल कॉस्टिकच्या स्क्रबरमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने वायू धुणाऱ्या टाकीत) धुवा. बॅगहाउसची धूळ भट्टीतल्या मातीत मिसळू नका, धातू तिच्यातच साठतात. भाजलेली माती पाण्याने थंड करून बॅचनुसार वेगळी ठेवा आणि पीसीबी व धातूंचे अहवाल आल्यावरच खड्ड्यात परत टाका.

अमेरिकेत टाइम्स बीच इथे 1996-97 मध्ये डायॉक्सिनने दूषित अडीच लाख टनांहून जास्त माती अशीच जाळली. त्या प्रमाणात भट्टी आणणं परवडतं. काहीशे टनांसाठी उभारणी आणि ट्रायल बर्नचाच खर्च डोईजड होतो, तेव्हा माती बंद वाहनातून परवानाधारक केंद्राकडे पाठवा. फक्त डिझेल किंवा हलकं तेल असेल तर जाळूच नका. 100 ते 300 अंशांवरचं थर्मल डिसॉर्प्शन (माती तापवून तेलाची फक्त वाफ काढून घेणं) पुरतं.