नेटवर सापडलेलं चांगलं काही घरच्यांना, मित्रांना कसं पाठवावं म्हणजे ते खरंच वाचतील?

तुम्ही लिहिलंय की कुटुंब, मुलांचा अभ्यास, जगातल्या घडामोडी असं काही चांगलं वाचनात आलं की तुम्ही लगेच ग्रुपवर टाकता, दोन-तीन अंगठे येतात आणि वाचत कुणीच नाही, तर आता हे बंदच करावं का. बंद अजिबात करू नका हो. फक्त ग्रुपवर टाकायचं सोडा आणि एका वेळी एका माणसाला पाठवायला लागा, माझ्या अनुभवात सगळा फरक तिथेच पडतो.

मीही कितीतरी वर्षं ग्रुपवरच टाकायचे. एकदा धाकट्या बहिणीला विचारलं की अगं तू काहीच कसं वाचत नाहीस, तर ती म्हणाली, "ताई, तू पाठवतेस ते चांगलंच असतं, पण ते माझ्यासाठी आहे की सगळ्यांसाठी तेच कळत नाही, मग नंतर बघू म्हणून राहूनच जातं." मला ते एकदम पटलं. दहा जणांना मिळून पाठवलं की प्रत्येकाला वाटतं बाकीचे नऊ वाचतील.

त्याच सुमारास तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, धडा पाच-पाच वेळा वाचायचा आणि परीक्षेत कोरा. मला रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग वाचायला मिळाला. त्यांनी कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले, काहींना तोच परत वाचायला सांगितलं आणि काहींना एकदा वाचून मग उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी तपासलं तर परत वाचणारे थोडे पुढे होते, ८१ टक्के आणि ७५ टक्के असं. पण आठवड्याने तपासलं तर उलटं झालं, परत वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के. मी लिंक पाठवलीच नाही. तिला एवढंच लिहिलं: "त्याला म्हणावं एकदा वाच, पुस्तक मिट, आणि वहीच्या मागच्या पानावर आठवेल तेवढं लिही, राहिलेलं मग पुस्तकात बघ. हे खरंच चालतं असं एका प्रयोगात दिसलंय, हवा असेल तर पाठवते." दोन दिवसांनी तिने स्वतःहून लिंक मागितली, आणि त्या संध्याकाळी मागच्या पानाचा फोटो आला, निम्मं निळ्या पेनाने आठवलेलं आणि मध्ये मध्ये लाल पेनाने नंतर भरलेलं. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय.

एका माणसासाठी केलेलं किती लांब जातं याचं उदाहरण द्यायचं तर खान अकादमी, नेटवर फुकट शिकवणारी संस्था. सलमान खान (शिकवणारे, सिनेमातले नव्हे) २००४ मध्ये नात्यातल्या एका बहिणीला गणितात अडतंय म्हणून फोनवरून शिकवायला लागले, मग बाकीची भावंडं आली, मग वेळा जमेनात म्हणून २००६ पासून यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला लागले. भावंडांना प्रत्यक्ष शिकण्यापेक्षा व्हिडिओच जास्त आवडला, कारण तो थांबवता येतो आणि परत विचारायची लाज वाटत नाही. पुढे ते जगभर गेलं, पण सुरुवात समोरच्या एका मुलीचं नेमकं कुठे अडतंय ते बघून झाली.

कुटुंबाबद्दलचं काही असेल तर वाचायला देण्यापेक्षा करायला द्या असं मी म्हणेन. स्टोरीकॉर्प्स नावाची एक अमेरिकन संस्था आहे, २००३ पासून त्यांचं मुख्य काम हे, एकमेकांना ओळखणारी दोन माणसं समोरासमोर बसतात, साधारण चाळीस मिनिटं बोलतात आणि ते रेकॉर्ड होतं. मला हे इतकं आवडलं की मी आईला त्यांच्याबद्दल लेख वगैरे काही पाठवला नाही, फक्त म्हटलं की मावशी आली की फोनचं रेकॉर्डिंग चालू कर आणि तिला विचार, आजीबद्दल तुला माहीत असलेलं आणि मला माहीत नसलेलं असं काय आहे. आधी दोघी लाजल्या, मग जे बोलल्या ते मी कधीच ऐकलं नव्हतं. आजी सही करायला शिकली ती या दोघींच्या पाटीवर, रात्री त्या झोपल्यावर, आणि सकाळ व्हायच्या आत पाटी पुसून ठेवायची. मावशी एकदा जागी होती म्हणून तिला माहीत, आईला साठ वर्षं माहीतच नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये तिथे दोघी बराच वेळ गप्प आहेत, नुसता पंख्याचा आवाज येतो.

चालू घडामोडींचं मात्र वेगळं आहे, तिथे घाई करू नका. मी एकदा पुराचा एक फोटो आजचा म्हणून मैत्रिणीला पाठवला, तिचे आईवडील त्याच भागात राहतात, त्यांचा फोन लागेना आणि ती रात्रभर जागी राहिली. फोटो बऱ्याच वर्षांपूर्वीचा निघाला. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही पण मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी आधी तारीख बघते, फोटो असला तर तो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून आधी कुठे आलाय का ते बघते, आणि बातमी असली तर त्या पानावर रेंगाळत न बसता दुसऱ्या टॅबमध्ये शोधते की बाकीचे याबद्दल काय म्हणतायत. ही शेवटची सवय खरी कामाची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यवसायाने बातम्या तपासणारे अशा ४५ जणांना वेबसाइट तपासायला दिल्या, तर अभ्यासक आणि विद्यार्थी बरेचदा त्याच पानाच्या दिखाव्याला, लोगोला फसले आणि तपासनीस मात्र पटकन पानाबाहेर पडून इतरत्र शोधायला लागले, म्हणून त्यांचा निकाल लवकर आणि बरोबर आला.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांची खूण दिसली की थांबाच. ती खूण म्हणजे मेसेज खूप हातांतून फिरून आलाय, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो, तो त्याच कारणाने. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे सव्वा लाख बातम्या तपासल्या आणि २०१८ मध्ये छापलं की खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त, आणि हे बॉटमुळे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे, होत नाही, आपल्यासारखी माणसंच ते करतात, कारण खोट्यात नवल जास्त असतं. म्हणजे वाचून छातीत धस्स झालं किंवा खूप राग आला तर ते लगेच पाठवायचं नाही, थोडा वेळ जाऊ द्यायचा, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आणि एक, पाठवल्यावर "वाचलंस का" असं विचारू नका, त्याने माणसं तुमचे मेसेज उघडायचीच टाळतात. त्याऐवजी चांगली पानं जपून ठेवा. प्यू रिसर्च या अमेरिकन अभ्यास संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी सापडतच नव्हती. मी आता आवडलेलं पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर सेव्ह करते, पत्ता टाकला की होतं, फुकट आहे. माझ्या भावाला मी मुलीशी तिच्या चुकांबद्दल कसं बोलावं यावरचं एक पान पाठवलं होतं, सोबत एकच ओळ होती, "हे वाचताना तुझी आठवण आली". काही उत्तर नाही. वर्षभराने एका रात्री अकरा वाजता त्याचा मेसेज आला, "ते तू पाठवलेलं परत देतेस का, लिंक उघडत नाहीये." मूळ पान खरंच गेलं होतं, मी सेव्ह केलेलं पाठवलं, आणि पाच मिनिटांत त्याचा फोन आला.