पैसे मोजके, गावं भरपूर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळची बरीच पत्रं सुट्टीतल्या प्रवासाची आहेत आणि सगळ्यांची अडचण एकच, बघायचंय भरपूर आणि हातात पैसे मोजके. तीन पत्रं नीट घेतलीत, एक थोडक्यात. बहुतेकांनी काय केलंय, शहरांची यादी आधी केलीय आणि मग पैसे कुठं वाचवायचे ते विचारलंय. माझं मत असं की हे उलटं करा. आपल्या स्टेशनवरून कुठली गाडी कुठल्या लाईननं जाते ते आधी बघायचं आणि त्या लाईनवरचीच गावं धरायची, कारण पैसे खरे जातात ते आडवंतिडवं फिरण्यात, चहा-नाश्त्यात एवढे जात नाहीत.

प्रश्न: मी आणि सौ., दोघंही साठीच्या पुढं. झाशी, प्रयाग, काशी बघायची फार वर्षांची इच्छा आहे, जमलं तर येताना हंपी. टूरवाले माणशी जो आकडा सांगतात तो आम्हाला झेपणारा नाही. दोघांत मिळून पंचवीस हजार घालू शकतो, दिवस कितीही लागूदेत. रेल्वेत ज्येष्ठांना किती सवलत मिळते? (एक निवृत्त गुरुजी, खानापूर)

उत्तर: गुरुजी, आधी सवलतीचं सांगतो म्हणजे हिशेब चुकायला नको. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून चालू नका. खालच्या बर्थचा कोटा मात्र चालू आहे, पुरुष ६० च्या पुढं आणि बायका ४५ च्या पुढं असतील तर मिळतो, फक्त एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त जण नकोत. म्हणजे तुम्ही दोघं वेगळं तिकीट काढा, बरोबर पुतण्या-भाचा येणार असेल तर त्याचं नाव त्याच तिकिटात घालू नका.

आता मुख्य गोष्ट, आणि ही लोकांना माहीतच नसते म्हणून जरा सविस्तर लिहितो. रेल्वेत चक्राकार प्रवासाचं तिकीट मिळतं, सर्क्युलर जर्नी म्हणतात. जिथून निघालो तिथंच परत यायचं, वाट एकच धरून गोल फिरायचं, आणि मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. भाडं कसं काढतात तर सगळं अंतर मोजून त्याचे दोन समान भाग करतात आणि तेवढ्या अंतराची दोन तिकिटं धरतात. रेल्वेत अंतर वाढेल तसा किलोमीटरचा दर कमी होत जातो, त्यामुळं सहा-सात तुकडे करून तिकिटं काढण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं.

तुमचं चक्र मी असं धरलंय: बेळगाव, पुणं, भोपाळ, झाशी, प्रयागराज, काशी, मग जबलपूर-नागपूरवरून हैदराबाद, तिथनं गुंटकल-बळ्ळारी लाईननं होस्पेट, हुबळी आणि परत बेळगाव. जाताना दिल्लीच्या निझामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस आपल्या बेळगाववरूनच जाते, पुणं, भोपाळ, झाशी सगळं तिच्याच वाटेवर आहे. झाशीहून काशीला बुंदेलखंड एक्सप्रेस रात्रीची आहे, रात्र गाडीत गेली की एका मुक्कामाचे पैसे वाचले, फक्त प्रयागला उतरायचं तर ती छिवकी स्टेशनवर थांबते की कुठं ते त्यावेळी बघून घ्या. एकूण अंतर चार-साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास भरतं आणि स्लीपरचं मूळ भाडं माणशी दोन हजारांच्या आत बसायला हवं, वर प्रत्येक गाडीला रिझर्वेशन आणि सुपरफास्टचे थोडे थोडे पैसे वेगळे.

हे तिकीट मोबाईलवर निघत नाही. कुठल्या तारखेला कुठं उतरणार ते एका कागदावर स्वच्छ लिहून बेळगाव स्टेशनवर भेटा. आपलं स्टेशन हुबळी डिव्हिजनमध्ये येतं, तिथलं कमर्शियल ऑफिस भाडं काढून कळवतं, मग तिकीट हातात मिळतं आणि ते दाखवून एकेका गाडीचं रिझर्वेशन करायचं. खिडकीवरच्या माणसाला हे रोजचं काम नसतं, त्यामुळं तो पहिल्यांदा नाही म्हणायची शक्यता आहे, तुम्ही शांतपणे स्टेशन मॅनेजरना भेटा. आणि वेळेत जा, कारण नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन ६० दिवस आधीच सुरू होतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही.

कुणी म्हणेल एवढी खटपट कशाला, साधं लांबचं तिकीट काढून मध्ये उतरू की. तेही चालतं, ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर एकदा आणि १००० च्या वर असेल तर दोनदा, दोन-दोन दिवस उतरता येतं. पण पहिला थांबा ५०० किलोमीटर झाल्यावरच घ्यायचा असा नियम आहे आणि बेळगावहून पुणं त्याच्या आत येतं. म्हणजे दिल्लीच्या तिकिटावर पुण्यात उतरून लेकीकडं दोन दिवस राहू असं जमणार नाही, भोपाळला उतरला तर चालतं.

आठ थांबे मिळतात म्हणून आठही घेऊ नका. झाशी, काशी, हंपी हे तीन मोठे मुक्काम ठेवा, प्रयाग एक दिवस, बाकी ठिकाणी फक्त गाडी बदला. साठीनंतर दर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची म्हणजे माणूस दमतो आणि दमला की रिक्षा, एसी लॉज, बाहेरचं जेवण, सगळं महागाचं घेतो. काशीत चार दिवस राहा. विश्वनाथाचं आत्ताचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं, अहिल्या घाट, भोसले घाट, शिंदे घाट, सगळी आपलीच नावं वाचायला मिळतात आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडं मराठी घरं पिढ्यानपिढ्या आहेत. घाटावरनं पायी फिरायला एक पैसा लागत नाही. होडी करायचीच असेल तर एकट्यासाठी करू नका, चार जणांत बसा.

हंपीला होस्पेट स्टेशनवर उतरायचं, तिथनं १३ किलोमीटर, बस सारख्या असतात. विठ्ठल मंदिराचं ४० रुपयांचं तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी तेच तिकीट कमलमहाल आणि गजशाळेला चालतं. भानुदासांनी विठ्ठलाची मूर्ती इथनंच पंढरपूरला परत नेली अशी कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे, त्या देवळात आज मूर्ती नाही. वारकरी घरातल्या माणसानं ते रिकामं गर्भगृह एकदा बघावंच असं मला मनापासून वाटतं.

खाण्याचं म्हणाल तर पहिले तीन-चार दिवस घरचंच न्या. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दुधातल्या दशम्या, सौ.ना हे सांगायची गरज नाही. आणि पंचवीसमधले तीन हजार बाजूला, त्याला हात लावायचा नाही, एखादी गाडी चुकली की तत्काळला तेच लागतात.

प्रश्न: आम्ही बचत गटाच्या आठ जणी आहोत. फुकट बस आहे तर विजापूर, बदामी, हुबळी असं फिरून यावं म्हणतोय. आमच्यातल्या एकीची सून कोल्हापूरची आहे, तीही येणार. तिलाही फुकट का? (एक वाचक भगिनी, निपाणी)

उत्तर: ताई, बेत चांगला आहे. फुकट बसची ही शक्ती योजना ११ जून २०२३ पासून चालू आहे आणि ती कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना आहे. सुनेच्या आधारवर कोल्हापूरचा पत्ता असेल तर तिला पूर्ण तिकीट पडेल, लग्नानंतर पत्ता बदलून घेतला असेल तर प्रश्न नाही. साध्या आणि एक्सप्रेस बसला चालतं, राजहंस, स्लीपर, एसीला नाही, आणि कोल्हापूर-सांगलीकडं जाणाऱ्या आंतरराज्य गाडीलाही नाही. कंडक्टरकडून शून्याचं तिकीट मागून घ्यायचंच, फुकट आहे म्हणून तिकीट नको असं नसतं, चेकिंगला ते दाखवावं लागतं.

निपाणीहून चिक्कोडी, अथणी करत विजापूर, मग बागलकोटवरून बदामी, तिथनं पट्टदकल-ऐहोळे आणि शेवटी हुबळी करून घरी. सगळं कर्नाटकातच आहे त्यामुळं बसला खर्च जवळपास नाही. पण फुकट म्हणून रविवारी निघू नका, आठ जणींना एका गाडीत जागा मिळत नाही आणि निम्म्या सीटा पुरुषांना ठेवलेल्या असतात, त्यावरून भांडणं होतात. मंगळवार-बुधवार धरा, सकाळी सहाची गाडी पकडा. बदामीला मुक्काम करा, बनशंकरी तिथनं जवळच आहे आणि तुमच्यातल्या एखादीची कुलदेवी असणारच. हुबळीला सिद्धारूढ मठात राहायची सोय आहे, प्रसादाचं जेवणही मिळतं, जाताना यथाशक्ती देणगी द्या, दुसऱ्याच्या अन्नदानावर आपण फिरतो तेव्हा एवढं केलंच पाहिजे.

दोन दिवस जास्त असले तर दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरी तालुक्यातलं होदिगेरे गाठा. शहाजीराजांची समाधी तिथं आहे, १६६४ मध्ये ते तिथंच गेले. आपल्याकडच्या कितीतरी माणसांना हे ठाऊकच नाही. आणि कधी कोल्हापूरहून पुढं एसटीनं जाल तेव्हा मार्च २०२३ पासून तिकडं सगळ्याच बायकांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे दोन्हीकडचा फायदा सीमाभागातल्या बायकांनाच सगळ्यात जास्त.

प्रश्न: आम्ही चौघं मित्र, फायनल इयर. आठ दिवसांत अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, आग्रा, दिल्ली, अमृतसर करायचंय. माणशी सहा हजार. जमेल का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर: जमेल पण गाडीच बघाल, गाव नाही. आठ दिवसांतले निम्मे तर स्टेशनवर आणि डब्यात जातील. मी तुम्हाला दुसरा बेत सांगतो. बेळगावहून पुणं, पुण्याहून इंदूरची गाडी. इंदूरला डॉर्मिटरीत, म्हणजे एका खोलीत बऱ्याच खाटा असतात तिथं, तीन रात्री राहा आणि तिथनंच देवास, उज्जैन सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, सामान सारखं हलवायचं नाही. सकाळी पोहे-जिलेबी, रात्री सराफा. दिवसा सोन्याची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच दारात खाण्याच्या गाड्या लागतात, भुट्ट्याचा कीस खा, थंडीत गेलात तर गराडू, म्हणजे तळलेला कंद. चौघांनी एकेक प्लेट वाटून खायची म्हणजे सगळं चाखून होतं.

देवासला जा असं का म्हणतोय, तर आपल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व तिथं जाऊन राहिले आणि माळव्याचेच झाले. गाण्याचा नाद नसला तरी जा. मग बसनं भोपाळ, तिथनं सांची आणि भीमबेटका एकेका दिवसात होतं, आणि परतीला भोपाळहून गोवा एक्सप्रेस थेट बेळगावात आणून सोडते. परतीचं स्लीपर आधी कन्फर्म करा, जाण्याचं नंतर. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर कन्फर्म नसेल तर आपोआप रद्द होतं, त्याच्यावर चढू नका, दंड बसला की तुमचे दोन दिवसांचे पैसे गेले. अमृतसर नोकरी लागल्यावर सावकाश करा, ते कुठं जात नाही.

प्रश्न: परीक्षेसाठी एकटीला बेंगळूर, हैदराबादला जावं लागतं. एका रात्रीसाठी लॉज परवडत नाही. काय करावं? (एक विद्यार्थिनी, अथणी)

उत्तर: मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम, म्हणजे प्रवाशांना राहायची खोली, आणि डॉर्मिटरी असते, तिकीट कन्फर्म झालं की पीएनआर नंबर टाकून आयआरसीटीसीवर बुक होते, जास्तीत जास्त ४८ तास. परीक्षेची तारीख कळली की त्याच दिवशी करून टाक. नाहीच मिळाली तर पहाटे पोचणारी गाडी धर, बायकांच्या वेटिंग रूममध्ये आवरून घे आणि बॅग क्लोक रूमला दे, बॅगेला कुलूप पाहिजे, नाहीतर घेत नाहीत. मध्यरात्री उतरणारी गाडी पन्नास रुपये स्वस्त असली तरी नको. रेल्वे भरतीची परीक्षा असेल आणि तू एससी-एसटीत येत असशील तर कॉल लेटरबरोबर स्लीपरचा फुकट प्रवासाचा पास मिळतो, फॉर्म भरताना तो रकाना भरलेला पाहिजे. बेंगळूरला इंदिरा कॅन्टीनमध्ये नाष्टा ५ रुपयांत आणि जेवण १० रुपयांत होतं, सेंटरच्या जवळचं कुठलं ते आदल्या दिवशी बघून ठेव, आणि सकाळी लवकर जा, उशिरा गेलं की संपलेलं असतं.