ब्रेकच्या खुणा नाहीत, म्हणजे चालकाने ब्रेक मारलाच नाही असं म्हणता येतं का?

नाही, रस्त्यावर खुणा दिसत नाहीत एवढ्यावरून ब्रेक मारलाच नाही असं ठरवता येत नाही. ठळक काळा पट्टा उमटतो तो चाक जाम होऊन घासत गेल्यावर. एबीएस (अँटी-लॉक ब्रेक यंत्रणा) चाक जाम होऊच देत नाही, त्यामुळे कचकचून ब्रेक मारला तरी फिकट, तुटक खुणा राहतात. ओल्या रस्त्यावर बऱ्याचदा त्याही नाहीत. भारतात १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, म्हणून पंचनामा वाचताना आधी गाडीचं मॉडेल आणि साल बघा.

खुणा असतील तर मात्र खाली वाकून बघण्यासारखं बरंच असतं. पट्ट्यातल्या बारीक रेघा त्याच्या लांबीच्याच दिशेने असतील तर चाक जाम होतं. रेघा तिरप्या आणि पट्टा वळत गेलेला असेल तर चाक फिरत होतं, पण गाडी आडवी घसरत होती. म्हणजे बहुधा वळणाच्या मानाने वेग जास्त. सरळ पट्टा मध्येच झटक्यात बाजूला सरकला असेल, तर धडक साधारण तिथेच.

लांबीवरून वेगही निघतो: सपाट, कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायरची रस्त्यावर पकड किती, त्याचा आकडा) ०.७ धरला आणि चारही चाकं जाम असतील, तर २० मीटरच्या पट्ट्याला ताशी सुमारे ६० किमी. पण हा किमान आकडा. धडकेत जिरलेला वेग त्यात येत नाही, आणि घर्षणांक त्याच रस्त्यावर मोजलेला नसेल तर समोरचा वकील आधी तेच धरतो.