पार्किंगमधली पंचवीस मिनिटे

"विश्वास असेल, तर लोकेशन दाखवायला हरकत काय?" जोडप्यांचे समुपदेशन करताना हा प्रश्न मला कधी नवरा विचारतो, कधी बायको विचारते, आणि अलीकडे तर साखरपुडाही न झालेली मुले-मुली विचारू लागली आहेत. त्याची दुसरी बाजूही तितकीच ऐकू येते, ती बहुधा आवाज खाली आणून : "मला ते बंद करावेसे वाटते, म्हणजे माझेच काही चुकते आहे का?" या दोन्ही प्रश्नांना हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, म्हणून एका जोडप्याची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यास दोघांचीही संमती घेतली आहे.

पती नाशिकमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम पाहतात. पत्नी कॉलेज रोडवर एका कर सल्लागाराच्या कार्यालयात आहेत. घर पाथर्डी फाट्याजवळ, लग्नाला सहा वर्षे झालेली. दोन वर्षांपूर्वी जुलैअखेरीस, विवरणपत्रांच्या मुदतीच्या धांदलीत उशिरा निघालेल्या पत्नीची स्कूटर त्रिमूर्ती चौकाजवळ पावसात घसरली. मार बेताचाच होता, पण फोन फुटला आणि अडीच तास काहीच कळेना. त्या रात्रीनंतर दोघांनी आपसांत लोकेशन सुरू केले, आणि ते सुचवले होते पत्नीनेच. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते, कारण अशा प्रकरणांत ऐकणारा पहिल्या पाच मिनिटांतच एकाला खलनायक ठरवून मोकळा होतो.

पहिल्या भेटीत पतींनी फोन माझ्यापुढे धरला. "मॅडम, ठिपका गेटवर आला की मी चहा ठेवतो. त्या दिवशी सात दहाला आला. ही वर आली सात पस्तीसला. चहा गार झाला. दोन मजले चढायला पंचवीस मिनिटे लागतात का?" त्यांच्या आवाजात राग कमी होता, हिशेब जुळत नसल्याची बेचैनी जास्त होती. पत्नी मांडीवरच्या हेल्मेटचा पट्टा उघडत-लावत राहिल्या आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "कोणी नव्हते. गाडी लावून मी तिथेच सीटवर बसते. ऑफिसात लोक विचारतात, वर गेले की हे विचारतात. मधल्या तेवढ्या वेळात मला कोणी काही विचारत नाही. यांना वाटते, मी पोहोचले. पोहोचलेली असते हो, पण आलेली नसते."

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती कबूल करते. तडजोड म्हणून मी सुचवले की लोकेशन बंद ठेवावे आणि पत्नीने निघताना व पोहोचल्यावर एकेक संदेश पाठवावा. पंधरा दिवसांत दोनाचे सात संदेश झाले, आणि संदेशाला उशीर झाला की फोन, फोन उचलला नाही की कार्यालयातील सहकाऱ्याला फोन. असे होणारच होते, हे मला आधी दिसायला हवे होते. चौकशी केली की जीव भांड्यात पडतो, पण तो दिलासा अर्धा-पाऊण तासच टिकतो. आणि मनाने यातून धडा घेतलेला असतो तो "ती सुखरूप आहे" असा नव्हे, तर "विचारले म्हणून बरे वाटले" असा. मग पुढच्या वेळी अस्वस्थता लवकर येते आणि अधिक खात्री मागते. काळजीपोटी सुरू झालेली विचारणा संशयात बदलते ती अशीच, मध्ये कोणताही नवा पुरावा सापडलेला नसताना.

एका भेटीत मी पतींना त्यांच्या कामाबद्दल विचारले. ते उत्साहाने सांगू लागले की माल मोठा असेल तर सगळे नग तपासत नाहीत, ठरावीक नमुने काढतात आणि ते बरोबर निघाले की लॉट पास करतात. "सगळेच का नाही तपासत?" "तेवढा वेळ कुठून आणायचा? प्रोसेस नीट असेल तर भरवसा ठेवावाच लागतो." बोलून ते स्वतःच थांबले. मला वाटले, जमले! तेवढ्यात पत्नी शांतपणे म्हणाल्या, "मी लॉट नाही. नमुनाही तपासू नका." त्यांचे म्हणणे माझ्या युक्तीपेक्षा खरे होते.

जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुले आणि त्यांना सांभाळणारी माणसे यांच्यातील बंधाचा जो अभ्यास केला, त्यातील एक निरीक्षण मला या खोलीत वारंवार उपयोगी पडते. आई हाकेच्या अंतरावर आहे, गरज पडली तर येईल, याची खात्री असलेले मूल तिला चिकटून बसत नाही. ते खेळायला लांब जाते आणि परत येते. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये हीच मांडणी प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावून दाखवली. त्या अर्थाने पत्नीचे पार्किंगमध्ये बसणे हा नात्यातून पळ नव्हता. घरी येण्यापूर्वीची ती तयारी होती. आपल्याकडे एकत्र कुटुंबात बायका देवळात, विहिरीवर, निदान गच्चीवर वाळवणापाशी असा वेळ काढत असत आणि त्याचा हिशेब कोणी फारसा मागत नसे.

दरम्यान मी पत्नींना एकटीने भेटले आणि जो प्रश्न अशा प्रकरणात विचारलाच पाहिजे, तो विचारला : "तुम्हाला त्यांची भीती वाटते का?" त्या "नाही, वैताग येतो" असे म्हणाल्या, म्हणून पुढचे काम एकत्र करता आले. उत्तर "हो" असते, फोन हिसकावणे, पगार काढून घेणे, माहेरी जाण्यास बंदी किंवा मारहाण असे काही असते, तर मी दोघांना समोरासमोर बसवलेच नसते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही मोडतो; महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. तिथे विश्वासाचे धडे देत बसणे म्हणजे आगीत उभ्या असलेल्या माणसाला वारा घालणे होय.

पतींना मी एक छोटे काम दिले. फोन पाहावासा वाटला की आधी खिशातल्या वहीत अस्वस्थतेला शून्य ते दहापैकी आकडा द्यायचा, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा आकडा लिहायचा, आणि मगच हवे तर पाहायचे. मोजमाप हा त्यांचा पेशाच असल्याने वही चोख निघाली. पहिल्या आठवड्यात आठाचे नऊ झालेले होते, तिसऱ्या आठवड्यात आठाचे चार, तेही फोन न पाहता. एका पानावर आकड्यांऐवजी "आज पाऊस. नऊ. पाहिले." एवढेच होते. ते पान मी अपयश मानले नाही, कारण पावसाची ती भीती खरी होती आणि तिच्यामागे ती अडीच तासांची रात्र होती. त्या रात्रीबद्दल ते पत्नीशी पहिल्यांदा बोलले, ते या पानामुळे.

पुढे दोघांनी स्वतःच ठरवले : रात्री नऊनंतर किंवा मुसळधार पावसात स्कूटरवर असताना लोकेशन सुरू, एरवी बंद, आणि आधी सुरू कोण करणार, तर जो प्रवासात आहे तो. सहा महिन्यांनी शेवटच्या भेटीला आले तेव्हा मी सहज विचारले, की अजून पार्किंगमध्ये बसता का? "बसते की," पत्नी म्हणाल्या. "पण हे आता बेल वाजल्यावर चहा ठेवतात. त्यामुळे आल्यावर दहा मिनिटे मलाच थांबावे लागते."