जुन्या दोन रॅमसोबत नव्या दोन लावल्या आणि पीसी क्रॅश होऊ लागला. नवी रॅम परत करावी का?

लगेच नको. ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक व्यवस्थित चालत होत्या, तशाच आणखी दोन लावल्यापासून कधी निळा स्क्रीन येतो, कधी ब्राउझर आपोआप बंद होतो, आणि विंडोज नव्याने टाकूनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. यावरून नव्या स्टिक खराबच आहेत असं म्हणता येत नाही. चारही चांगल्या असतील, फक्त एकत्र छापील वेगाने चालत नसतील.

पण त्याआधी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. मशीन स्थिर होईपर्यंत त्यावर महत्त्वाचं काम करू नका आणि जुन्या बॅकअपवर नवा चढवू नका. मेमरीत एखादा बिट उलटला तर चुकीचा डेटा तसाच डिस्कवर लिहिला जातो, कुठलीही सूचना येत नाही. विंडोज पुन्हा टाकतानाही हाच धोका असतो, म्हणून आता ते पुन्हा करू नका.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅम मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) बंद करा. पाकिटावर छापलेला ३२०० चा वेग बऱ्याचदा एक्सएमपी चालू केल्यावरच मिळतो, तोही १.३५ व्होल्टवर. ते बंद केलं की रॅम १.२ व्होल्टवर, २१३३ किंवा २६६६ अशा मूळ वेगाने चालते. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो आणि दोनऐवजी चार स्टिक सांभाळताना त्याच्यावरचा ताण वाढतो. त्यात दोन वेगवेगळे संच म्हटल्यावर, मॉडेल नंबर एकच असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. एक्सएमपी बंद केल्यावर क्रॅश थांबले तर परत करण्याचा विचार सोडा, वेग हाताने २९३३ वर ठेवून बघा. मी तरी तिथेच थांबेन, रोजच्या वापरात हा फरक जाणवत नाही.

तरीही क्रॅश होत असेल तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घ्या, त्यावरून पीसी सुरू करा आणि चाचणी रात्रभर चालू द्या. विंडोजमधल्या मेमरी चाचणीवर मी विसंबत नाही. एकही एरर आली तरी ती गंभीरच समजायची, 'एकच तर आहे' म्हणून सोडायची नाही.

एरर दिसली की पॉवर केबल काढून एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये तपासा. कुठला स्लॉट ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बहुधा प्रोसेसरकडून दुसरा, म्हणजे ए२. स्टिक खटका बसेपर्यंत दाबा. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरं टोक अर्धवट बसलेलं लक्षात येत नाही. एकाच स्टिकला एरर येत असेल तर दोष तिचाच. सगळ्यांनाच येत असेल तर स्लॉट बदलून पाहा. एकाच स्लॉटमध्ये किंवा एकाच चॅनेलवर (प्रोसेसरशी एकाच मार्गाने जोडलेल्या स्लॉटवर) गडबड असेल तर प्रोसेसर काढून सॉकेट तपासा: वाकलेली पिन किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले जाणं यानेही रॅमच्या तक्रारी येतात, आणि मग लोक उगाच रॅम बदलत बसतात.

परत करायची वेळ आलीच तर संच म्हणून घेतलेल्या दोन्ही स्टिक एकत्र द्या आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो काढून ठेवा.