रास्पबेरी पायच्या कॅमेऱ्याची केबल ३ मीटर लांब करायची आहे, मधे साध्या वायरी जोडल्या तर चालेल का?

वायरी जोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमचा बेत वाचला आणि मला माझेच जुने दिवस आठवले. सोबत आलेली १५ सेंटीमीटरची चपटी पट्टी मधोमध कापायची, दोन्ही तुकड्यांना १५ वायरी सोल्डर करायच्या, कॅमेरा बाहेर पक्ष्याच्या घरट्याच्या पेटीत आणि पाय (म्हणजे रास्पबेरी पाय, तो छोटा कॉम्प्युटर बोर्ड) आत टेबलावर. मी अगदी हेच केलं होतं, आणि माझं अंतर तर जेमतेम फूटभर होतं.

पट्टीचं प्लास्टिक पॉलिस्टरचं असतं, गरम टोक लागलं की आक्रसतं आणि १-१ मिलिमीटरवर असलेल्या तांब्याच्या लाइनी एकमेकींना जाऊन चिकटतात. दोन पट्ट्या वाया गेल्या, तिसरी कशीबशी जमली. मल्टिमीटर लावला, पंधराच्या पंधरा लाइनींवर बीप. पाय चालू केला, कॅमेरा लिस्टमधे दिसला, मी खूश. फोटो काढायला गेलो तर गुलाबी-हिरव्या आडव्या रेघा, आणि पुढच्या वेळी तेही नाही, सरळ 'कॅमेरा फ्रंटएंड हॅज टाइम्ड आउट' (म्हणजे चित्राची वाट बघून पाय थकला). दोन संध्याकाळी सॉफ्टवेअर उलटंपालटं करण्यात घालवल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

गंमत अशी आहे की त्या पट्टीत दोन वेगळ्या जातीच्या लाइनी आहेत. एसडीए-एससीएल या दोन आयटूसीच्या (चिपांनी आपसात निरोप द्यायची साधी पद्धत), त्या अगदी संथ, त्यांच्यावरून पाय कॅमेऱ्याला "आहेस का" विचारतो आणि सेटिंग पाठवतो, त्या कसल्याही वायरीवर निभावून नेतात. म्हणूनच कॅमेरा लिस्टमधे दिसतो. पण चित्र येतं ते दुसऱ्या सहा लाइनींवरून, म्हणजे डेटाच्या दोन जोड्या आणि क्लॉकची (ताल देणारी) एक जोडी, आणि तिथे वेग भयानक आहे. व्हर्जन २ च्या कॅमेऱ्यात (सोनीचा आयएमएक्स२१९ सेन्सर) एका डेटा जोडीवरून सेकंदाला साधारण ९१ कोटी बिट जातात. एक बिट टिकतो जेमतेम १.१ नॅनोसेकंद, आणि तेवढ्या वेळात सिग्नल तारेतून वीसेक सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे मूळ पट्टीत एक अख्खा बिटसुद्धा मावत नाही, आणि तुमच्या ३ मीटरमधे एकामागोमाग पंधराएक बिट रांगेत पळत असणार, तेही फक्त २०० मिलिव्होल्टच्या आसपासच्या चढउतारावर. त्यात एका जोडीतली एक वायर दुसरीपेक्षा दोन सेंटीमीटर लांब राहिली की दोघींचा ताल चुकला, आणि प्रत्येक सोल्डरच्या गाठीवर थोडा सिग्नल आपटून मागे येतो. मल्टिमीटरला यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, त्याला फक्त तार तुटलीय की नाही एवढंच कळतं. मुळात हा सगळा प्रकार मोबाइलच्या आत कॅमेरा आणि चिप यांच्यातल्या काही सेंटीमीटरसाठी बनवलेला आहे, आपण तो घरट्यापर्यंत ओढतोय.

कोणीतरी सांगेल की रेझोल्यूशन कमी करा म्हणजे चालेल. या सेन्सरवर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण ड्रायव्हरमधे (कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे) त्या जोड्यांवरचा वेग ठरलेला आहे, छोटं चित्र मागितलं तरी बिट त्याच वेगाने येतात, फक्त मधे विश्रांती जास्त मिळते.

आता चालतं काय ते. एक मीटरपर्यंत असेल तर अखंड लांब पट्टी घ्या, दोन छोट्या पट्ट्या मधे जोडणी लावून नको. दोन मीटरच्याही तयार मिळतात आणि बऱ्याच जणांच्या चालतातही, पण तिथे नशिबाचा भाग सुरू होतो. घेताना एक गोष्ट डोळे फाडून बघा: १५ पिनवाल्या कॅमेऱ्याच्या पट्टीला दोन्ही टोकांचे चकाकते कॉन्टॅक्ट एकाच बाजूला हवेत. विरुद्ध बाजूंना असलेली पट्टीही दिसायला तशीच असते, पण ती बसते तेव्हा पिनांचा क्रम उलटा होतो, पिन १ ग्राउंड आणि पिन १५ वर ३.३ व्होल्ट, म्हणजे थेट शॉर्ट. आणि पाय झिरो (छोटं मॉडेल) किंवा पाय ५ असेल तर तिकडचं सॉकेट २२ पिनांचं बारीक असतं, त्याला वेगळी पट्टी लागते.

पट्टी मोटारीच्या किंवा वायफायच्या अँटेनाच्या शेजारून नेऊ नका. त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळायचा सल्लाही मिळेल, पण फॉइल तारांना इतकी खेटली की जोडीचा इंपीडन्सच (वेगवान सिग्नलला तारेचा होणारा विरोध) बदलतो, रोगापेक्षा औषध भारी.

३ मीटरला मी एचडीएमआयवाला किट वापरतो. दोन छोटे बोर्ड असतात, एक कॅमेऱ्याकडे, एक पायकडे, आणि मधे साधी एचडीएमआय केबल. ही केबल चालते कारण तिच्यात पिळलेल्या, शील्ड केलेल्या चार जोड्या आयत्याच असतात आणि आपल्याला तीनच हव्यात, आयटूसी आणि पॉवर उरलेल्या तारांवरून जातात. इथे एचडीएमआयचा सिग्नल नसतोच, फक्त तिची तार उसनी घेतलीय, त्यामुळे यातलं टोक चुकूनही टीव्हीला किंवा पायच्या एचडीएमआयला लावू नका. केबल साधी तांब्याची घ्या, आत चिप असलेल्या 'अॅक्टिव्ह' किंवा ऑप्टिकल केबली इथे चालत नाहीत. आणि जोडाजोडी करताना पाय बंद, पॉवर काढलेली, याला अपवाद नाही.

पण खरं सांगू का, घरट्यासाठी मी कॅमेरा पायपासून लांब नेणार नाही, पायच कॅमेऱ्याजवळ नेईन (बोर्ड हो, तुमचे पाय नव्हेत). झिरो २ डब्ल्यू काडेपेटीपेक्षा थोडाच मोठा आहे, पेटीच्या वरच्या कप्प्यात पक्ष्यापासून वेगळा बसवा, मूळची छोटी पट्टी लावा आणि चित्र वायफायवरून आत घ्या. मग बाहेर फक्त पॉवरची वायर न्यायची. तिथेही एक खोच आहे, ५ व्होल्ट ३ मीटर बारीक यूएसबी वायरीतून नेले की वाटेतच व्होल्टेज थोडं पडतं, आणि पायकडे ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो लो व्होल्टेजची तक्रार सुरू करतो आणि मधेच रीस्टार्टही होऊ शकतो. तेव्हा ही वायर मात्र जाड घ्या.

आणि तुम्ही लिहिलंय की आत्ता मूळ पट्टीवरसुद्धा कधीकधी 'नो कॅमेराज अव्हेलेबल' (कॅमेरा सापडत नाही) येतं. ते लांबीचं प्रकरण नाही. पट्टी काढून परत बसवा, सॉकेटची क्लिप दोन्ही कडांनी सारखी उचला नाहीतर तुटते, पाय ३ किंवा ४ असेल तर पट्टीची निळी बाजू यूएसबीच्या दिशेने हवी. आणि कॅमेऱ्याच्या बोर्डावर लेन्सच्या खाली एक इवलासा कनेक्टर असतो, जुन्या मॉडेल्सवर त्यावर 'सनी' असं लिहिलेलं दिसतं, तो हलकेच नखाने दाबा. टिक असा आवाज आला तर तोच सुटला होता.